मदत हवी आहे : वाचनकट्ट्याचं पुढचं पुस्तक कोणत्या प्रकारातलं घ्यावं? (नाशिक)

गोदाकाठ
कट्टा १२ जणांचा, वयं २४ ते ७१. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन तास बसतो. लागोपाठ पाच महिने कादंबऱ्या झाल्या. गेल्या वेळी पुस्तक संपवून आलेले चौघेच. आता प्रकार बदलायचाय. सुचवलेले प्रकार : रहस्यकथा, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, विज्ञानकथा, कविता. हात वर करून मतं घेतली तर रहस्यकथेला पाच, बाकी विखुरलेली. हे बहुमत धरायचं का? प्रती कशा जमवायच्या? दोघांना बारीक टाइप वाचवत नाही, तेही लक्षात घ्या.

पानखूण
पाचाला बहुमत धरू नका, सात जणांनी ते मागितलेलंच नाही. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर तीन पसंत्या क्रमाने घ्या : पहिलीला ३ गुण, दुसरीला २, तिसरीला १. रहस्यकथेला पाच पहिल्या पसंत्या आणि पुढे काहीच नसेल, तर १५ गुण. आत्मचरित्राला तीन पहिल्या, सहा दुसऱ्या, दोन तिसऱ्या मिळाल्या, तर ९ + १२ + २ = २३. कट्ट्याला हे दुसरंच हवं असतं. चिठ्ठीच्या मागे ‘अजिबात नको’ असा एक प्रकार लिहू द्या; तीन नकार आले की तो प्रकार या महिन्यापुरता बाजूला. व्हॉट्सॲपच्या पोलवर आधीची मतं दिसतात आणि मागचे त्यांच्यामागे जातात, म्हणून कागदच बरा.

आता पानं. रोज १० पानं, २५ दिवस, म्हणजे २५०. त्यापुढे जाऊ नका. ४०० पानांच्या कादंबरीला रोज १६ लागतात. चार दिवस हुकले की ६४ पानं अंगावर, आणि मग पुस्तक उशाशीच राहतं. तुमचे चौघेच उरले ते बहुधा यामुळे, कादंबरी नावडली म्हणून नव्हे.

रहस्यकथेची आणखी एक अडचण : ज्याची शेवटची ३० पानं राहिली त्याच्यासमोर उकल बोलता येत नाही, आणि सगळ्यांनी संपवली असेल तर खुनी कसा सापडला यावर चर्चा लवकर आटोपते. घ्यायचीच तर लांब कादंबरीऐवजी दोन-तीन कथा घ्या.

शब्दसखी
प्रतींचं गणित : चार प्रती, प्रत्येक प्रत तिघांत, नऊ-नऊ दिवस. २७ दिवसांत सगळे मोकळे. यात पहिला वाचणारा चर्चेपर्यंत विसरतो, म्हणून पुस्तकात कोरा कागद ठेवा आणि प्रत्येकाने पान क्रमांकासह तीन नोंदी करूनच प्रत पुढे द्यावी. सावानात (१८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय) आधी प्रती विचारा आणि मगच पुस्तक जाहीर करा. उलट क्रम झाला की पहिले दहा दिवस शोधण्यातच जातात.

प्रतीच मिळत नसतील तर प्रकार एक, पुस्तकं वेगळी. प्रवासवर्णनाला हे छान जमतं : प्रत्येकाने वेगळा प्रदेश घ्यायचा, दहा मिनिटं बोलायचं, एक उतारा वाचायचा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ पेटीत वेगवेगळी पुस्तकं असतात, अशा महिन्याला ती सोयीची. कादंबरीला मात्र ही पद्धत लावू नका, नुसती कथानकं सांगणं होतं.

पानखूण
माझं मत आत्मचरित्राला, आणि नाशिककरांनी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्यावं. बाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. भाषा बोलती आहे, मोठ्याने वाचली की २४ वर्षांच्यालाही कळते. एक काळजी घ्या : बाजारात संपूर्ण आणि संक्षिप्त दोन्ही आवृत्त्या आहेत. अर्धे एक घेऊन आले आणि अर्धे दुसरी, की पान क्रमांक जुळत नाहीत आणि ‘हे माझ्या पुस्तकात नाहीच’ यात वेळ जातो. तुमच्यासाठी संक्षिप्त ठरवा.

लेखिका १९३६ साली गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणून मूळ मजकूर मोठ्या टाइपात छापून त्या दोघांना द्यायला अडचण नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा घेऊ नका. कुसुमाग्रजांच्या कवितांना ही मुभा नाही, ते १९९९ ला गेले, हक्क २०५९ अखेरपर्यंत.

प्रश्न आधी वाटा. ‘आवडलं का’ हा प्रश्न मारक, उत्तर एका शब्दात संपतं. असा विचारा : १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत, पुढे त्यांचं मन कुठल्या पानावर वळायला लागलं? बारा जण बारा पानं उघडतील.

रंगपेटी
यादीत नाटक नाही याचं वाईट वाटलं. छोटं, दोन अंकी नाटक दोन तासांत बसल्या जागी वाचून होतं, घरी वाचून आलं नाही तरी चालतं. भूमिका आठवडाभर आधी वाटा. ऐनवेळी वाटल्या तर पहिला अंक अडखळण्यात जातो. कंसातल्या रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस ठेवा, नाहीतर कोण आत आलं तेच कळत नाही. तिकीट लावून करणार असाल तर लेखकाची परवानगी लागते, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ते बघा.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. या रविवारी चिठ्ठ्या घेतो, नकाराच्या ओळीसकट. आत्मचरित्र निघालं तर संक्षिप्त ‘स्मृतिचित्रे’, चार प्रती. सोमवारी सावानात विचारून मगच गटावर टाकतो. नाटक दिवाळीनंतरच्या महिन्याला धरून ठेवतोय. रंगपेटी, तीन बायका आणि दोन पुरुष एवढ्याच पात्रांचं काही सुचत असेल तर नक्की लिहा.