१२ दिवसांची बाईक ट्रिप : रेनसूट घेऊ की लायनर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात एकटाच निघतोय. सामानाला ४० लिटरची टेल बॅग (मागच्या सीटवर बांधायची), बस्स. सुती टी-शर्ट बाद केलेत, घाम धरून ठेवतात. लवकर वाळणारे ३ घेतोय, रोज रात्री धुवायचे.

अडलंय ते पावसापाशी. माझ्या जॅकेटचं वॉटरप्रूफ लायनर (पाणी अडवणारं सुटं अस्तर) आतून चेनने जोडावं लागतं. मागच्या वेळी रस्त्याच्या कडेला त्याची चेन लावेपर्यंत बनियनपर्यंत भिजलो. वरचं जॅकेट पाणी पिऊन जड झालं ते सकाळीही ओलंच, आणि गारठ्याने क्लचवरची बोटं आखडली. म्हणून वरून चढवायचा रेनसूट घ्यावा म्हणतोय. पण तो घेतला तर थर्मल लायनरला (उबेच्या अस्तराला) बॅगेत जागा उरत नाही. थंडीत रेनसूटच वारा अडवायला पुरतो का? ग्लोव्हज दोन जोड नेता का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.