मदत हवी आहे: धंदा बुडाल्यावर गेलेला आत्मविश्वास खेळाडूंच्या पद्धतीने परत येतो का?

नमस्कार मंडळी,

सांगलीकडे माझा छोटा ऑफसेट छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, निवडणुकीत हँडबिलं. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, बिलं कॉम्प्युटरवर गेली, उरलंसुरलं लॉकडाऊनने नेलं. मशीन विकून बरंचसं कर्ज फेडलं. आता ठिबकच्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. डीलरांकडे फिरायचं, ऑर्डर आणायची, उधारी वसूल करायची.

त्रास असा की यातल्या कितीतरी दुकानांची बिलबुकं मीच छापलेली आहेत. दुकानासमोर गाडी लावतो आणि पाय उचलत नाही. फोन आल्याचं नाटक करत उभा राहतो, कधी तसाच पुढे निघून जातो. आत गेलोच तर आवाज बारीक होतो, आणि भाव विचारायच्या आत मीच सूट सांगून मोकळा. अनोळखी गावात मात्र हाच मी व्यवस्थित बोलतो.

कॉलेजात खो-खो खेळायचो. संरक्षणाला आमची तुकडी आत जायच्या आधी पोटात गोळा यायचा, पण शिट्टी झाली की पळायचं तेवढं कळायचं. म्हणून खेळाडूंच्या मानसिक तयारीबद्दल वाचायला घेतलं. रात्री डोळे मिटून डीलर हसत ऑर्डर लिहून देतोय असं बघतो. रात्री बरं वाटतं, सकाळी दुकानासमोर उलट जास्तच पोकळ. असं का व्हावं?

दुसरं म्हणजे, मैदानात नऊ मिनिटांची पाळी, पंच शिट्टी वाजवणार, संपली की संपली. इथे शिट्टीच नाही. कधी सुरू करायचं ते मीच ठरवायचं आणि नेमका तिथेच अडकतो. खेळातलं तंत्र अशा ठिकाणी लागू पडतं का? बायको म्हणते डॉक्टरांना दाखवा. झोप-जेवण ठीक आहे, पण मनाने हाय खाल्लीय हे खरं.

'सकारात्मक विचार करा' छापाचे सल्ले कृपया नकोत. ते मी स्वतः कॅलेंडरांवर छापलेत.

नेमबाज_करवीर:
दादा, मी पोरांना रायफल शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही निकालाचं चित्र बघताय. आम्ही 10 मीटर नेमबाजीच्या पोराला स्क्रीनवर 10.9, म्हणजे एका गोळीचे सर्वाधिक गुण, दिसताहेत असं बघायला लावत नाही. रायफल उचलणं, गाल टेकणं, श्वास, ट्रिगरवरचा पहिला दाब, हे बघायला लावतो. तेही खऱ्या वेळेच्या गतीने, उभं राहून, अंगात जॅकेट घालून. तुम्हीही पायरी चढणं, नमस्कार, पहिलं वाक्य एवढंच बघा. आणि मुद्दाम वाईटही बघा: डीलर मोबाइलमधून मान वर करत नाही, मग तुम्ही काय करता? रात्री अंथरुणात नको. बॅग खांद्याला लावून, दारात उभं राहून.

शिट्टी स्वतः बनवा. गाडी स्टँडवर, किल्ली खिशात, श्वास लांब सोडायचा, हेल्मेट काढून आरशाला. हेल्मेट निघालं की शिट्टी झाली, पुढचं पाऊल दुकानाकडेच. दर दुकानाला हाच क्रम, ओळखीचं असो नसो. आधी अनोळखी गावात मुरवा, मग ओळखीच्या दुकानी न्या.

आवाज बारीक होतो ना? मग 'मी करू शकतो' वगैरे मनात घोळवू नका. 'सावकाश, खालच्या पट्टीत' एवढंच म्हणा. अंगाला काय करायचं ते सांगणारे शब्द लवकर ऐकले जातात.

सचिनची ऑस्ट्रेलियातली 2004 ची सिडनी कसोटी आठवा. त्या मालिकेत आधी 0, 1, 37, 0, 44. ऑफ स्टंपबाहेर ड्राइव्ह करताना बाद होत होता. सिडनीत कव्हर ड्राइव्ह जवळपास बंदच ठेवला आणि नाबाद 241 काढल्या, 436 चेंडूंत. तुमचा कव्हर ड्राइव्ह म्हणजे ती सूट. महिनाभर पहिल्या भेटीत सूट बोलायचीच नाही.

तिरकस:
उदाहरण झकास, पण सचिनच्या पाठीशी तेव्हा 31 कसोटी शतकं होती हो. यांनी काय पाठीशी घेऊन आत जायचं?

सावली:
मी समुपदेशक आहे. तिरकस यांचा प्रश्न कळीचा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या कुणाला जमताना बघणं, इतरांचं सांगणं आणि शरीराची अवस्था. यात पहिली वाट सर्वांत भक्कम. छापखान्याच्या काळात वर्षानुवर्षं गिऱ्हाईक सांभाळलं, अडलेली बिलं वसूल केली, ती तुमची शतकंच आहेत. धंदा बंद पडला म्हणून तेही तुम्ही खोडून टाकलंय. अशा वसुलीचे चार-पाच प्रसंग नावानिशी वहीत लिहा.

पोटात गोळा तेव्हाही यायचा, आताही येतो. तेव्हा त्याला तुम्ही तयारी समजत होतात.

वहिनींचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. उदासी दिवसचे दिवस टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेना, तर ही तंत्रं पुरत नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. हेल्मेटचं उद्यापासूनच करतो. पण सावलीताई, लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला ऑर्डर नाकारली जाण्याची भीतीच नाहीये. "काय ओ, प्रेस का बंद केलासा?" हा प्रश्न येईल याची आहे. चार गिऱ्हाइकांसमोर.

सावली:
मग सराव त्याच चेंडूचा करा. 'त्यांनी हे विचारलं, तर मी हे म्हणेन' असं जोडूनच ठरवायचं. उत्तर दोन वाक्यांचं, आणि दुसरं वाक्य कामाचं: "कामं कमी झाली, बंद केला. आता ठिबक बघतो, तुमच्याकडे 16 एमएमची लॅटरल नळी कुठली चालते?" वहिनींना डीलर करा आणि घरी मोठ्याने म्हणा. त्यांना सांगा, प्रश्न खोचकपणेच विचारायचा.

तिरकस:
त्यासाठी वहिनींना सरावाची गरज नसावी.