तीन मीटरवर डावा कान अडून बसतो, काय करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. वय ४८, सांगलीत शाळेत गणित शिकवते. कृष्णेत पोहून मोठी झाले, त्यामुळे पाण्याची भीती नाही. लेकीच्या नादाने मालवणला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर (नवशिक्यांचा) कोर्स घेतला. सरावाच्या टँकमध्ये सगळं झकास झालं. मास्कमध्ये पाणी भरून बाहेर काढलं, रेग्युलेटर (श्वासाची हवा देणारा तोंडातला भाग) काढून परत लावला, शाबासकीसुद्धा मिळाली.

समुद्रात दोरी धरून खाली निघाले आणि तीन मीटरच्या आसपास डाव्या कानात सळई खुपसल्यासारखी कळ आली. नाक दाबून फुंकलं. अजून जोरात फुंकलं. उजवा 'फट्' करून मोकळा झाला, डावा ढिम्म. लेक दुसऱ्या प्रशिक्षकासोबत खाली वाळूवर वाट बघत होती, म्हणून हट्टाने आणखी थोडी खाली गेले. शेवटी 'मी बरी आहे, जरा थांबा' अशा अर्थाने सरांना अंगठा दाखवला, तर त्यांनी मला थेट वर आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला', हे मी दोन दिवस घोकलं होतं. माझ्या वर्गातल्या पोराने असं केलं असतं तर मी काय बोलले असते ते इथे लिहीत नाही.

आज तीन दिवस झाले, कान दडलेलाच आहे. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. आंबोली घाटात कानाला दडे बसतात, पण आवंढा गिळला की सुटतात. विमानात गोळी चघळली की सुटतात. मग इथेच काय झालं? माझी कानाची नळीच अरुंद असेल का? आणि फुंकायचं नेमकं केव्हा? मी दुखायला लागल्यावर फुंकत होते. उरलेले डाइव्ह डिसेंबरच्या सुट्टीत करायचे आहेत.

रापण_ते_रेग्युलेटर

ताई, गोम तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. दुखायला लागलं म्हणजे उशीर झाला.

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून एक नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. एरवी ती मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते. बाहेरचा दाब फार वाढला की तिचं मऊ तोंड ओल्या फुग्यासारखं चिकटतं. मग कितीही फुंका, उघडत नाही. अशा वेळी मीटरभर वर यायचं, कळ गेली की हलकेच परत प्रयत्न करायचा.

तुम्ही गणिताच्या, म्हणून हिशेब सांगतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर. अख्खा घाट उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा समुद्रात एक मीटर खाली जाण्याआधीच वाढतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. तिथून जमिनीवर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तो सगळा फरक पाण्यात दोन-अडीच मीटरचा. तुम्ही तेवढं अर्ध्या मिनिटात उतरलात. १० मीटरवर कानातली हवा दबून आकाराने निम्मी होते, २० मीटरवर एकतृतीयांश. म्हणजे सगळ्यात मोठी उडी वरच्या थरातच. तिथे रडणारे कान पुढे गुमान येतात.

मी शिकवतो ते असं: होडीतच दोन-चारदा गिळून घ्या. डोकं पाण्यात जाण्याआधी एकदा कान मोकळे करा, डोकं बुडल्याबरोबर परत. मग दोरीवर एक हात सरकलं की एकदा, पाय खाली, डोकं वर. उलटं डोकं करून उतरलात तर कान जास्त अडतात. डावा रुसला तर मान उजवीकडे झुकवा, डावा कान वर येऊ दे, जबडा थोडा पुढे काढा. छातीने फुंकू नका. नाक धरून 'क्क' म्हणायला गेल्यासारखी जीभ मागे-वर ढकला. आरशासमोर सराव करा. नाकपुड्या फुगल्या पाहिजेत, पोट हलता कामा नये. ते नाहीच जमलं तर नाक धरून नुसता आवंढा गिळा.

आणि कानाची खूण अंगठ्याची नाही: पंजा आडवा धरून हलवायचा, मग कानाकडे बोट.

आमचा आजा अडकलेला नांगर बुडी मारून सोडवायचा. एका कानाने त्याला जवळजवळ ऐकूच यायचं नाही. तो म्हणायचा, दर्यावर्द्याचो कान असोच आसता. असा नसतो, पण त्याला सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्या लेकीला वाळूवर बसू दे आरामात. दर्या खंय पळान जावचो नाय.

आजीचा_बटवा

कानात खोबरेल तेलाचा बोळा घालून उतरा, पाणीच आत जाणार नाही. अनुभवाचे बोल.

कानाकोपरा

कृपया असं काही करू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून सांगते. बोळा किंवा प्लग घातला की त्याच्या आणि पडद्याच्या मधली हवा कोंडते, ती नाकातून मोकळी करता येत नाही आणि पाणी प्लगला आत रेटतं.

कृष्णाकाठची, तीन दिवस कान दडलेला आहे म्हणजे पडद्यामागे द्रव किंवा थोडं रक्त साचलेलं असू शकतं. पडदा तपासून घ्या. तोवर पाण्यात उतरायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, मनाने कुठलेही थेंब घालायचे नाहीत. चक्कर, सतत शिट्टी किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जोराने फुंकल्यामुळे अंतर्कर्णाच्या नाजूक पडद्याला इजा होऊ शकते.

सर्दी असताना नाकात स्प्रे मारून उतरण्याचा मोह टाळा. औषधाचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात फुगणारी हवा कोंडते, आणि सिलिंडरमधली हवा संपत आल्यावर खाली थांबायची सोय नसते.

कृष्णाकाठची

उशिरा कळवते आहे, परीक्षा होत्या. पडदा लाल होता, फाटला नव्हता, मागे थोडं पाणी होतं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी परत बघून परवानगी दिली. नाकाचं हाड डावीकडे वाकडं आहे हेही कळलं. ४८ वर्षं मी त्या बाजूला डोकं करून झोपत नाही, कारण आत्ता समजलं.

'क्क'चा सराव स्टाफरूममध्ये केला. सहकारी बाईंनी उचकी समजून पाणी आणून दिलं.

डिसेंबरमध्ये परत उतरले. दोरीवर एक हात, एक 'क्क'. चार मीटरवर डावा अडला. खूण केली (बरोबर केली!), मीटरभर वर आले, मान झुकवली, आणि आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. सहा मीटरला पोचायला सात मिनिटं लागली. तोवर लेकीचं पोपट मासे बघणं उरकलं होतं.

एकच शंका: वर येताना डाव्या कानात चूं-चूं आवाज येत होता, दुखत नव्हतं. हे ठीक ना?

रापण_ते_रेग्युलेटर

एकदम ठीक. फुगलेली हवा आपसूक बाहेर पडते, तिचा आवाज. वर येताना मात्र नाक दाबून फुंकू नका. दुखलं तर थोडं खाली जा, गिळा, मग सावकाश वर. पोपट मासे मे महिन्यापर्यंत भेटतील, पावसाळ्यात आम्ही होड्या ओढून ठेवतो.