वेश्याव्यवसाय कायदेशीर केला तर त्या बायका खरंच जास्त सुरक्षित होतात का?

मोगरा_२२
परवा भावाशी यावरून जोरात वाजलं. त्याचं म्हणणं, धंदा कुठल्याच देशात कधी बंद झालेला नाही, मग कायदेशीर करा, लायसन्स द्या, डॉक्टरची तपासणी सक्तीची करा, विषय संपला. मी म्हटलं अरे पण मग दलालांना मोकळं रान मिळेल, आज लपूनछपून करतात ते उद्या पाटी लावून करतील. तावातावाने बोललो आणि माहिती दोघांकडेही नव्हती. नंतर वाचायला बसले तर कोणी म्हणतं जर्मनीत फसलं, कोणी म्हणतं न्यूझीलंडमध्ये जमलं, स्वीडनवाले म्हणतात गिऱ्हाइकालाच पकडा. डोकं भणभणलं नुसतं.

नैतिक की अनैतिक यात मला शिरायचं नाहीये. जी बाई आत्ता हे काम करतेय तिची मारहाण कमी होते का, ती पोलिसांकडे जाऊ शकते का, नको त्या माणसाला नाही म्हणू शकते का, एवढंच विचारायचंय. कोणी जवळून पाहिलं असेल तर प्लीज लिहा.

वाटसरू
मोगरा, तुमचं दोघांचं भांडण झालं कारण एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे परवाना पद्धत, म्हणजे कोण, कुठे, कुठल्या कागदावर हे काम करणार ते सरकार ठरवणार आणि कागद नसेल तर ती बाई परत गुन्हेगार. दुसरं म्हणजे हा गुन्हाच मानायचा नाही, फौजदारी कलमं काढायची आणि बाकीच्या कामांना जे नियम आहेत ते इथेही लावायचे. तुमचा भाऊ पहिलं मागतोय, आणि माझ्या मते सुरक्षितता दुसऱ्यात आहे.

जर्मनीने २००२ मध्ये कायदा केला आणि २०१७ मध्ये त्यावर नोंदणी सक्तीची केली. २०१९ च्या अखेरीस नोंदणी झालेल्या साधारण ४० हजार होत्या, प्रत्यक्षात काम करणाऱ्या याहून कितीतरी जास्त धरल्या जातात. का नाही गेल्या बाकीच्या? कारण सरकारी कागदावर नाव लागलं की ते आज ना उद्या घरी, शाळेत, घरमालकाकडे पोचेल ही भीती. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज त्याच बाहेर राहिल्या.

न्यूझीलंडने २००३ मध्ये गुन्हाच काढून टाकला, ६० विरुद्ध ५९ अशा मतांनी, इतकं अटीतटीचं होतं ते. चार जणींपर्यंत एकत्र जागा घेऊन काम करू शकतात, मालक नको, मालकाचं सर्टिफिकेट नको. हे महत्त्वाचं का ते बघा, ब्रिटनमध्ये दोघी एकाच घरात सोबतीला म्हणून काम करायला लागल्या की त्या घराला कुंटणखाना म्हणतात, भारताच्या १९५६ च्या कायद्यातली व्याख्याही तशीच आहे. म्हणजे कायद्याने वागायचं तर बाईने बंद दाराआड अनोळखी माणसासोबत एकटीनेच राहायचं, हाका मारायला शेजारच्या खोलीत कोणी नाही!

आणि अजून एक, २०१४ मध्ये तिथल्या एका सेक्स वर्करने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची केस जिंकली, २५ हजार न्यूझीलंड डॉलर भरपाई मिळाली. जिथे तिचं कामच गुन्हा आहे तिथे ही तक्रार करायला ती कुठल्या तोंडाने गेली असती सांगा.

निळी_शाई
वाटसरू यांनी कायद्याचं लिहिलं, मी पाहिलेलं लिहिते. मी नर्स आहे, काही वर्षं एका संस्थेच्या तपासणी शिबिरांना जायचे. आम्ही कंडोमची पाकिटं वाटायचो, बारा-बारांची. एक बाई होती, पाकीट उघडायची, दोन काढून घ्यायची आणि बाकीचं परत माझ्या हातात. मला वाटलं लाजतेय म्हणून मी आग्रह केला तर म्हणाली, "पोलिसांनी पर्स उघडली आणि दोन सापडले तर नवऱ्यासाठी म्हणता येतं, बारा सापडले की पुरावा." त्या दिवसापासून मला कुठलाही कायदा वाचताना आधी तिची पर्स आठवते.

दुसऱ्या एका वेळी तिचाच हात मनगटापासून सुजलेला, कोणीतरी पिरगळला होता. तक्रार करूया म्हटलं तर नाही. तक्रार केली की खोली सील होणार, बाकीच्या चौघी रस्त्यावर येणार आणि त्या चौघी तिलाच शिव्या घालणार. माणूस कोण होता ते तिला माहीत होतं. त्याला पण माहीत होतं ती कुठेही जाणार नाही, म्हणून तर हात लावायची हिंमत झाली.

आणि तपासणी सक्तीची करण्याबद्दल, मोगरा, भावाला हे नक्की सांगा की तपासणी तिची होते, गिऱ्हाइकाची नाही. तिचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तोच "मग कंडोम कशाला" म्हणतो. तपासणी सोपी, फुकट आणि नाव न विचारता असली की बायका स्वतःहून येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कडूलिंब
सगळं पटतं तरी मला एक गोष्ट टोचते. हे सगळं जी स्वतः या कामात आहे तिच्यासाठी झालं. जिला फसवून, विकून आणलंय तिचं काय? २०१३ मध्ये दीडशे देशांपर्यंतच्या आकड्यांवर एक अभ्यास झाला, त्यात निघालं की जिथे धंदा कायदेशीर तिथे तस्करी होऊन येणाऱ्यांचं प्रमाण सरासरी जास्त दिसतं. मागणी वाढते, मग दलाल माल आणल्यासारख्या मुली आणतात. स्वीडनने म्हणूनच १९९९ पासून विकणारीला सोडलं आणि विकत घेणाऱ्याला गुन्हेगार केलं, नॉर्वे, फ्रान्स, आयर्लंड सगळे मागून गेले. बाईवर केस नाही, धाक फक्त पुरुषाला. मला तरी हेच न्यायाचं वाटतं.

वाटसरू
कडूलिंब, काळजी खरी आहे तुमची. तो अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलंय की तस्करीचे आकडे कच्चे असतात, लपून होणारी गोष्ट मोजणार कशी. तरी तो मुद्दा मी उडवून लावणार नाही, नेदरलँड्सने २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठवली त्यानंतरही जबरदस्तीच्या केसेस निघतच राहिल्या.

पण धाक फक्त पुरुषाला असं होत नाही हो. रस्त्यावर गाडी थांबते तेव्हा बाईकडे एक-दोन मिनिटं असतात. खिडकीतून माणूस बघायचा, दारू प्यायलाय का, मागच्या सीटवर अजून कोणी आहे का, कुठे नेणार, कंडोम वापरणार का, मैत्रिणीला गाडीचा नंबर दाखवायचा. गिऱ्हाइकाला पकडले जायची भीती असली की तो म्हणतो आधी बस, मग बोलू. ती दोन मिनिटं गेली. पकडला जाणार तो, पण अंधारात गाडीत बसणार ती.

कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये नेमकं हेच धरून तीन कलमं रद्द केली. व्हँकुव्हरमध्ये एकीकडे बायका गायब होत होत्या आणि दुसरीकडे त्यांना आसरा देणारी जागा कुंटणखाना म्हणून बंद पडली होती, कोर्टाने त्याचा उल्लेख केलाय. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी संसदेने गिऱ्हाइकाला गुन्हेगार करणारा कायदा आणला आणि बरंचसं परत तिथेच आलं.

न्यूझीलंडमध्येही सगळं छान नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईला तिथे हे काम करता येत नाही, तक्रार केली तर देशाबाहेर काढतील. चालकाला हे पक्कं माहीत असतं. म्हणजे कलम जिथे शिल्लक राहिलं तिथेच पिळवणूकही राहिली. बेल्जियमने २०२४ पासून करारावर काम करणाऱ्यांना प्रसूती रजा, पेन्शन आणि खोलीत धोक्याचं बटण दिलंय, ते कसं चालतं ते बघायला हवं.

कडूलिंब
त्या दोन मिनिटांचा विचार मी कधी केला नव्हता. तस्करीबद्दल माझं मत तेच आहे, पण हे वाचून स्वीडनचं कौतुक जरा थांबवते.

मोगरा_२२
सगळ्यांचे खूप आभार. भावाला धागा पाठवला, रात्री त्याचा फोन आला. लायसन्सचं काही बोलला नाही, फक्त विचारत होता त्या दोन कंडोम घेणाऱ्या बाईचं पुढे काय झालं. निळी_शाई ताई, माहीत असेल तर सांगाल का?

निळी_शाई
नाही गं माहीत. तीन महिन्यांनी गेलो तेव्हा धाड पडून गेली होती, सगळ्या कुठे कुठे पांगलेल्या, फोनही बंद. आम्ही मात्र तेव्हापासून पाकिटं फोडून सुटे द्यायला लागलो, दोन दोन करून.