भीती ‘चेपते’ की ‘मोडते’?

मुलांच्या भीतीवरचा एक मजकूर मराठीत लिहितोय. अभिसंधान (एखाद्या गोष्टीशी भीती जोडली जाणं), सामान्यीकरण (तिच्यासारख्या इतर गोष्टींचीही भीती वाटू लागणं), विलोपन (ती भीती ओसरणं) हे पाठ्यपुस्तकातले शब्द वापरले, पण वाचताना घाबरलेलं मूल डोळ्यांपुढे येत नाही. बोलीतले शब्द चालतील का?

— चालतीलच, उलट जास्त नेमके ठरतील. भीती ‘बसते’ आणि मग ‘पसरते’. १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अल्बर्ट नावाच्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना बाळाच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणून मोठा आवाज केला. पुढे ते बाळ उंदराबरोबरच ससा, कुत्रा, फरचा कोट पाहूनही घाबरू लागलं. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) ‘सामान्यीकरण’ म्हटलं की कुणी विचार करून नियम काढल्यासारखं वाटतं. या बाळाने कसला नियम काढला?

— वयाचा मुद्दाही यायला हवा. साधारणपणे मूल जितकं लहान, तितकी भीती जास्त पसरते. धोक्याची खूण आणि तिच्यासारखीच दिसणारी निरुपद्रवी खूण वेगळी ओळखणं वयाबरोबर जमत जातं. त्याला ‘पारख’ म्हणा. या पारखीला मदत करणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी उलटेपर्यंत घडत असतो. एक कुत्रा अंगावर आला म्हणून सगळ्याच कुत्र्यांना घाबरणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला लोक सर्रास ‘भित्रा’ म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. ‘भित्रा’ हा स्वभावाचा शब्द आहे. या पोराला अजून पारख यायची आहे, इतकंच.

— पटलं. मग ‘विलोपन’ ऐवजी भीती ‘मोडणे’ लिहू?

— थांबा, ‘चेपणे’ लिहा. दाबलेली वस्तू नाहीशी होत नाही, आणि भीतीचंही तसंच आहे. चेपलेली भीती जागा बदलली की किंवा काही काळ गेला की पुन्हा डोकं वर काढते. गंमत म्हणजे उंदराच्या सुमारे १७ दिवसांच्या पिलांत ती अशी परतत नाही, २४ दिवसांच्या पिलांत परतते. म्हणजे अगदी तान्ह्या वयात ‘मोडते’, पुढे नुसती ‘चेपते’. आणि माणसांत पौगंडावस्थेत तर चेपायलाही जड जाते, लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही.

— मग ‘मोडणे’ फक्त पिलांच्या परिच्छेदात ठेवतो. बाकी सगळीकडे ‘चेपणे’.