म्हशींचा तात्पुरता गोठा: पत्र्यासाठी कर्ज काढू नका

तापीकाठ (चोपडा)
माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या दावणीला तीन-चार म्हशी आहेत आणि वावर बटाईचं (दुसऱ्याचं, वाट्याने कसायला घेतलेलं) आहे, त्याने अँगल-पत्र्याच्या शेडसाठी कर्ज काढू नये. मी २० बाय ३० फुटांचं कोटेशन घेतलं, १,४०,००० रुपये सांगितले. तेवढ्यात दावणीला आणखी एक चांगली म्हैस येते. मी निलगिरीच्या बल्ल्या रोवल्या, वर बांबू, त्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) वीतभर थर, वर ताडपत्री आणि पश्चिमेला हिरवी शेडनेट. मजुरीसकट २८,००० लागले, आठ दिवसांत काम झालं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. शेजारच्या पत्र्याखाली दुपारी म्हशी तोंड उघडं टाकून धापा टाकतात, माझ्या रवंथ करत बसलेल्या असतात. दूध कुठे जास्त निघणार, तुम्हीच सांगा.

एरंडोलचा वेल्डर
दादा, उन्हाचं म्हणणं खरं शे. पण वादळाचं काय? मृगाच्या तोंडावर वारा सुटतो तेव्हा रावेर-यावलकडे केळीचे बागच्या बाग आडवे होतात. ताडपत्रीचा मांडव त्यात किती टिकेल?

पत्रा उडतो त्याची कारणं मी रोज बघतो. वारा गोठ्यात शिरतो आणि छत खालून वर उचलतो. कडेच्या ओळीत हूक कमी मारलेले असले की तिथूनच पहिला पत्रा सुटतो, मग बाकीचे. दुसरं, आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. नुसता खांब रोवला तर दोन वर्षांत हलायला लागतो. तीन फूट खड्डा घ्या, तळाला मुरूम कुटा, मग काँक्रीट भरा. तुमच्या बल्ल्यांनाही हेच लागू आहे. शिवाय जमिनीतल्या भागाला डांबर फासलं नसेल तर वाळवी लागणारच.

आणि बटाईचं वावर म्हणून पत्रा नको, हे मला पटत नाही. कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि आडव्या पट्ट्या वेल्डिंग न करता नटबोल्टवर जोडून घ्या. खांबाखाली बेसप्लेट ठेवली तर काँक्रीट तेवढं मागे राहतं. वावर सुटलं की शेड खोलून ट्रॉलीत टाकायचं. तुमची ताडपत्री दोन उन्हाळ्यांत चुरा होईल, लोखंडाला भंगारातही किलोवर पैसे येतात.

धरणगावकर
मला दोघांपेक्षा वेगळीच काळजी वाटते. पऱ्हाट्या छपरावर टाकू नका! न उमललेली, किडकी बोंडं त्यांना लटकलेली राहतात आणि गुलाबी बोंडअळी त्यातच सुप्तावस्थेत बसते. पुढच्या कपाशीला ती तुमच्याच गोठ्यातून जाईल. वेचणी संपली की पऱ्हाट्या वावरातून काढून नष्ट करा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि आपण त्याच बांधावर रचून ठेवतो. तुमच्या छपरापासून कपाशी किती लांब आहे?

तापीकाठ (चोपडा)
दोनशे पावलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. थर उतरवतो आणि तुराट्या टाकतो, घरच्या तुरीच्या पडून आहेत. पण पत्र्याबद्दल माझं मत तेच आहे. नटबोल्टचं शेड खोलता येतं हे मान्य, पण १,४०,००० आधी उभे करायचे कुठून? कर्जाचा हप्ता कपाशीच्या भावाची वाट बघत नाही.

पाचोरा-भडगाव
सिमेंटचे पत्रे घ्या. तापतात कमी, गंजत नाहीत.

एरंडोलचा वेल्डर
जुने सिमेंट पत्रे स्वस्तात मिळतात म्हणून लोक आणतात आणि कटरने कापत बसतात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि कॅन्सरपर्यंत नेते. मी ते काम घेत नाही. साधा पत्रा लावा, वरून चुन्याचा जाड हात द्या, तुराट्या पत्र्यावर टाकून तारेने आवळा. उन्हाची तक्रार बरीच कमी होईल. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत कमी येतं.

शहाद्याची ताई
तुम्ही सगळे छपराबद्दल बोलताय. आमच्या घरी गोठ्यात सगळ्यात जास्त वेळ मी असते, म्हणून लिहिते. पहाटे पाचची धार माझ्याकडे, शेणही मीच काढते. आमचा पहिला मांडव बांबूचाच होता, उंची जेमतेम सहा फूट. शेणाची पाटी डोक्यावर घेतली की वाकूनच बाहेर पडावं लागायचं. एकदा पाटी आडव्या बांबूला अडकली, मी घसरले आणि मनगट सुजलं. त्या पावसाळ्यात खाली चिखल, म्हशींचे सड मातीने भरलेले. एकीला कासदाह झाला, एक सड कायमचा गेला. छप्पर तेव्हा एक थेंब गळत नव्हतं.

म्हणून तापीकाठ दादा, तुमच्या २८,००० मध्ये खालच्या जमिनीचं काम धरलं आहे का? म्हशीला सावलीत निदान ४० चौरस फूट जागा लागते. तिच्याखाली मुरूम कुटून दगडी फरशी आणि मागे गटाराकडे उतार हवा. आम्ही दुसऱ्या वेळी छप्पर साधंच ठेवलं, तुराट्यांचं, आणि वाचलेला पैसा खाली घातला. छपराची कड नऊ फुटांवर घेतली. वेल्डर भाऊंचा पत्रा मिळाला तर मला हवाच आहे, पण तो फरशीनंतर.

तापीकाठ (चोपडा)
ताई, जमिनीचं काम धरलेलं नाही. खाली माती आहे. आडवा बांबू आत्ता मोजून आलो, साडेसहा फूट आहे.