मदत हवी आहे: वाक्य बरोबर असूनही काट मारलीय (सकाळच्या आत सांगा!)

म्हापशेकरीण: मुलाच्या इंग्रजीच्या वहीत वाक्य आहे, 'आल्बुकर्क कॅप्चर्ड गोवा इन 1510'. भर देऊन पुन्हा लिहायचं होतं. त्याने लिहिलं, 'इट वॉज आल्बुकर्क हू कॅप्चर्ड गोवा इन 1510'. बाईंनी लाल काट मारली. मला तर यात काही खोट दिसत नाही. सकाळी दुरुस्त करून दाखवायचंय.

रॉसऑम्लेट: हू काढा, दॅट घाला.

पाटोपूल: उगाच काहीतरी. माणसाला दोन्ही चालतं, वस्तूला हू चालत नाही एवढंच. बाईंचंच चुकलंय.

निवृत्त मास्तर: ताई, भर कशावर द्यायचा होता? कुठल्या तरी शब्दाखाली रेघ असेल.

रॉसऑम्लेट: मुळात वाक्यच अर्धवट. 1510 मध्ये त्याने गोवा एकदा घेऊन गमावला, मग 25 नोव्हेंबरला परत घेतला.

म्हापशेकरीण: इतिहास नकोय हो! रेघ आहे कशाखाली तरी. वही आत आहे आणि तो झोपलाय. रेघेने एवढं काय बिघडतं?

निवृत्त मास्तर: सगळं तिथेच आहे. आपल्याकडे 'च' आहे: आल्बुकर्कनेच घेतला, 1510 मध्येच घेतला, गोवाच घेतला. वाक्य जागचं हलत नाही. इंग्रजीत असा 'च' नाही. बोलताना आवाज चढवतात, लिहिताना वाक्य फोडून हवा तो तुकडा इट वॉजच्या पुढ्यात आणून ठेवतात. म्हणून तर क्लेफ्ट, म्हणजे दुभंगलेलं. सालाखाली रेघ असेल तर 'इट वॉज इन 1510 दॅट आल्बुकर्क कॅप्चर्ड गोवा'. त्यातला इन गाळू नका, पोरं हमखास गाळतात.

मांडवीकाठ: आमची आजी पोर्तुगीज शिकलेली. 'फोय एल के' म्हणायची, म्हणजे 'त्यानेच'. तिथेही हीच फोडाफोड! बहुतेक वेळा आजोबांवर खापर फोडताना.

काणकोणकर: प्राथमिक शिक्षण मराठीतून झालं असतं तर ही वेळ आली नसती.

पाटोपूल: माध्यम कोणी विचारलंय इथे?

म्हापशेकरीण: दिवा लावून वही काढली. रेघ कॅप्चर्डखाली आहे. मग 'इट वॉज कॅप्चर्ड दॅट' असं करायचं का?

निवृत्त मास्तर: नको नको! इट वॉजच्या साच्यात असं क्रियापद बसत नाही. त्याला व्हॉट लागतो: 'व्हॉट आल्बुकर्क डिड इन 1510 वॉज कॅप्चर गोवा'. शेवटी कॅप्चर, कॅप्चर्ड नव्हे. भूतकाळ डिड आणि वॉजनी आधीच उचललाय. मुलाचं वाक्य शुद्ध आहे, पण भर भलत्याच शब्दावर पडला. काट योग्यच.

रॉसऑम्लेट: टू कॅप्चरही चालतं.

निवृत्त मास्तर: चालतं. हे मात्र बरोबर बोललात.

पाटोपूल: बाईंबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो.

म्हापशेकरीण: देव बरें करूं, मास्तर. त्याच पानावर आणखी चार काटा आहेत. टाकू?